वन्संची चालती पंगत

बसमध्ये कसं खावं याचं संपूर्ण ज्ञान साऱ्या पृथ्वीवर एकाच व्यक्तीला आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे तुमची आत्याआजी. मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी सांगितलंत की तुमच्याकडे गाडीत खायला बंदी आहे, तशी पाटीच लावलेली असते. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पोरं लहान वयात फार सोसतायत." म्हणून म्हटलं, तुम्हाला तिच्याबद्दल एकदा नीट, सविस्तर लिहावं. ती तुमच्या आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद. मी तिला वन्सं म्हणते. आमची घरं शेजारीशेजारी, मध्ये फक्त चिकूची सहा झाडं, त्यामुळे मी जे लिहिते आहे ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी डहाणूहून तलासरीला जाते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलींना इंग्रजी वाचून दाखवते. वन्सं माझ्याबरोबर येत. त्यांना तलासरीत काडीचंही काम नव्हतं. माझं वाचन होईपर्यंत त्या स्टँडवर चहा घेत, येणाऱ्याजाणाऱ्यांची चौकशी करत आणि परतीच्या गाडीला माझ्या आधी रांगेत उभ्या राहत. त्यांना जायचं असे ते बसमध्येच. बाकीचे लोक बसने कुठेतरी जातात, वन्सं नुसत्या बसला जात.

त्यांच्या मते एस.टी. ही चाकांवरची पंगत होती, आणि पंगतीचे सगळे नियम तिला लागू होते. गाडी स्टँडवर उभी असताना डबा उघडणं म्हणजे हावरटपणा, म्हणून आशागड मागे पडल्याशिवाय त्यांच्या डब्याचं झाकण निघत नसे. झाकण निघालं की आधी पुढच्या बाकाला विचारायचं, मग मागच्या, मग पलीकडच्या. कंडक्टर तिकिटं फाडत आला की पहिला घास त्याचा, कारण तो उभा आहे. ड्रायव्हरला चालत्या गाडीत खायला देणं हा गुन्हा, त्याचा वाटा कागदात बांधून चारोटीला थांबल्यावर त्याच्या हातात द्यायचा. सगळ्यांचं झालं की मग उरलं ते आपलं. उरलं नाही तर आपलं झालं असं समजायचं. आणि पंगतीतून कुणी मध्येच उठायचं नाही. एकदा एक गृहस्थ तोंडात अर्धी दशमी घेऊन आपल्या थांब्यावर उठले, तर वन्संनी कंडक्टरचा घंटीवरचा हात धरून ठेवला. "घास उतरू दे, मग माणूस उतरेल." सगळी गाडी त्या गृहस्थांच्या गळ्याकडे बघत थांबली. त्यांनी घाईघाईने गिळलं, वन्संना नमस्कार केला आणि ते उतरले.

पातळ पदार्थांवर त्यांचा विशेष राग. एकदा पांढराशुभ्र शर्ट घातलेल्या एका तरुण कारकुनाने गंजाडच्या अलीकडे आमटीभाताचा डबा उघडला. पुढे रस्ता कसा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, वन्संना खड्ड्याखड्ड्यासकट ठाऊक होतं. त्यांनी काही न बोलता त्याच्या हातातून डबा घेतला, झाकण लावलं आणि तो मांडीवर धरून बसल्या. तो बिचारा हातात नुसता चमचा घेऊन महामार्ग लागेपर्यंत बसला होता. मग त्यांनी डबा परत दिला. "आता रस्ता सरळ आहे, खा."

वासाचाही त्यांचा स्वतंत्र विचार होता. चिंचणीच्या एक मावशी कधीकधी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन आमच्या गाडीत असत. नवीन माणसं नाक मुरडत. वन्सं त्यांना दटावत, "तो धंद्याचा वास आहे, तो चालतो. आपण खातो त्याचा वास दुसऱ्याला जायचा तर आधी घास जायला हवा." कानात गाण्याचं यंत्र घालून, खिडकीकडे तोंड करून एकटाच वेफर खाणारा एक मुलगा नेहमी आमच्या पुढे बसे. नोकरीला लागलेला, चांगला मोठा मुलगा. एके दिवशी वन्संनी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. "बाळा, औषध आहे का ते?"

"नाही आजी, वेफर आहेत."

"असं होय. एकटाच खातोस म्हणून वाटलं, डॉक्टरांनी दिलं असेल."

पुढच्या गुरुवारपासून तो मोठं पाकीट आणू लागला आणि आमच्या बाकापर्यंत हात लांबवू लागला. चिकू मात्र बसमध्ये खायचा तर सालं आणि बिया वन्संच्या कापडी पिशवीत टाकायच्या. एका कंडक्टरने बी खिडकीबाहेर फेकली, तेव्हा त्याला ऐकावं लागलं, "रस्त्यात झाड आलं तर तुझी गाडी काय त्याच्या फांदीवरून नेणार का?"

आता मी. मी ज्या शाळेत शिकले तिथल्या सिस्टर सांगत की चारचौघांत, त्यातून वाहनात, सभ्य मुलीचं तोंड हलता कामा नये. ते माझ्या अंगी असं भिनलं आहे की बसमध्ये मी आजवर वेलचीसुद्धा चघळलेली नाही. त्यामुळे वन्संच्या पंगतीत मी एकटीच उपाशी बसत असे. त्या मला विचारतही नसत. "आमच्या वहिनींचा बसमध्ये उपास असतो," असं त्या शेजारच्यांना सांगत, आणि ते बिचारे माझ्याकडे आदराने बघत.

मग वन्संना साखरेचा आजार निघाला. सकाळी इंजेक्शन, आणि अकराच्या आत पोटात काहीतरी जायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. एकदा स्वयंपाकघरात त्यांना चक्कर आली, तेव्हापासून त्यांचा मुलगा सुहास त्यांना बसने पाठवायला तयार होईना. तो रोज कामाला वापीला जातो, दिवसभर घरी नसतो, त्याची काळजी खरी होती. शेवटी त्याने मला अट घातली. "मामी, तुम्ही बरोबर असाल तरच. अकराला आईने खाल्लं पाहिजे. एकदा जरी चुकलं तरी बस कायमची बंद." वन्संनी ही अट ऐकताना असा चेहरा केला होता जणू कुणी त्यांचा श्वास मोजून देत होतं.

तुम्हाला माहीत आहे, मी व्यवस्थित बाई आहे. मी माझ्या पर्समध्ये त्यांच्यासाठी वेगळा डबा ठेवू लागले, शिवाय खडीसाखरेची डबी. दुसऱ्याच गुरुवारी वन्संनी तो डबा हुंगून शोधला आणि मागच्या बाकावर दिला. पुढच्या वेळी मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला, तर म्हणाल्या, "वहिनी, आज बातम्यांना तुपाचा वास येतोय." तरी कसंबसं मी त्यांना दर वेळी अकराच्या आत दोन घास खायला लावत होते.

मागच्या पावसाळ्यानंतर, भातं पिवळी पडायला लागली होती, तेव्हाच्या एका गुरुवारी गाडी चेंगरून भरली होती. वन्संच्या वीस दशम्या गंजाडपर्यंत संपल्या. तिथे लखमी चढली. ही गंजाडच्या एका पाड्यावरची. मिळेल तेव्हा तलासरीकडे मजुरीला जायची, कडेवर वर्षाची मुलगी. वन्सं नेहमी तिला शेजारी बसवून घेत. मुलगी रडत होती, म्हणून माझी खडीसाखर तिच्याकडे गेली. मागे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की ते सकाळपासून तसेच निघालेत, म्हणून माझा डबा त्यांच्याकडे गेला. मी घड्याळ दाखवलं. वन्सं म्हणाल्या, "अहो, तलासरी आता आलीच की."

तलासरी आली नाही. महामार्गावर पुढे ट्रक उलटला होता. आमच्या पुढे वाहनं, मागे वाहनं, दोन्ही बाजूंना ना टपरी ना घर. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. गाडीत कुणाकडे काही उरलं नव्हतं, जे होतं ते आमच्या पंगतीत आधीच वाटलं गेलं होतं. पावणेबाराला वन्संचा हात माझ्या हाताला लागला, तो गार आणि ओला होता. त्या मला काहीतरी सांगत होत्या, पण शब्द सावकाश, एकेक करून येत होते. मी उठून उभी राहिले आणि कुणाकडे साखर, गोळी, काहीही आहे का असं विचारू लागले, तेवढ्यात लखमीने पदराखालचं गाठोडं सोडलं. नागलीची, म्हणजे नाचणीची, एक भाकर आणि गुळाचा खडा. तिचं दुपारचं जेवण.

"बाय, खा," ती म्हणाली. ती सगळ्यांनाच तू म्हणते. "गूळ आधी खा."

इतकी वर्षं वन्संनी लखमीला दिलं होतं, तिच्याकडून घेतलं कधीच नव्हतं. मला वाटलं, आता आमच्या घरातलं जुनं सोवळं मध्ये येतं की काय. तसलं काही नव्हतं. वन्सं भाकर दूर सारत म्हणाल्या, "सगळ्यांना विचारलंस का?"

मला रडावं की ओरडावं कळेना. लखमीने माझ्याकडे बघितलं, मुलगी माझ्या मांडीवर दिली आणि ती मधल्या वाटेत उभी राहिली. "कोणी राहिलंय का खायचं?" तिने मोठ्याने विचारलं.

मग कंडक्टर म्हणाला, "माझं झालं, आजी." तो पहाटेपासून ड्युटीवर होता. खाखऱ्याची रिकामी पिशवी घडी करून बसलेले तलासरीचे गुजराती दुकानदार म्हणाले, "मारूं थई गयुं, मासी." वेफरवाल्या मुलाने कानातलं काढलं आणि सांगितलं की तो तर घरूनच जेवून निघालाय. थोड्याच वेळापूर्वी फोनवर तो आईला सांगत होता की पोटात कावळे ओरडतायत. मग मागून, पुढून, दारातून, "आमचं झालं, झालं, खा तुम्ही," असे आवाज येत राहिले. सगळ्यांची तोंडं कोरडी होती आणि सगळे पोटभर जेवले होते. वन्संनी एकदा गाडीभर नजर फिरवली, समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि गूळ तोंडात टाकला. मग ती भाकर, चवीने, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मला त्यांनी विचारलं नाही. माझा उपास त्यांना ठाऊक होता.

थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्या लखमीला म्हणाल्या, "भाकर छान भाजतेस हो." आणि तेवढ्यात सुहासचा फोन आला. फोन मीच घेतला.

"मामी, आईने खाल्लं?"

"खाल्लं."

"वेळेवर?"

गाडीत सगळे माझ्याकडे बघत होते. कंडक्टर मान हलवून मला हो म्हणायला सांगत होता. मुलांनो, मी चाळीस वर्षं वर्गात उभी राहून खरं बोलायला शिकवलं आहे. मी म्हणाले, "वेळेवर नाही, सुहास. पाऊण तास उशीर झाला."

फोन ठेवल्यावर वन्सं खिडकीतून बाहेर बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "एवढ्या गाडीत खरं बोलल्या त्या एकट्या तुम्हीच, वहिनी." त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून वन्संची बस बंद झाली. सुहासचं चुकलं असं मी म्हणणार नाही, माझंही चुकलं असं डॉक्टर म्हणणार नाहीत. मी गुरुवारी एकटी जाऊ लागले. पहिल्याच गुरुवारी कंडक्टरने वन्संसाठी भुईमुगाच्या शेंगा दिल्या. चिंचणीच्या मावशींनी, वन्सं मासे खात नाहीत हे आठवून, पेरूंची पिशवी दिली. आणि लखमी मजुरीला नेई त्यातली अर्धी भाकर फडक्यात बांधून माझ्या हातात देऊ लागली. संध्याकाळी मी ते सगळं वन्संच्या ओट्यावर मांडायची. त्या एकेक गोष्ट उचलून हे कुणी दिलं, तो कुठे चढला, तिची पोर चालते का, असं विचारत आणि शेवटी भाकर खात. त्या वेळी सात वाजलेले असत, आणि सुहास समोर बसलेला असे.

भात कापून झालं आणि लखमी घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेली. पाड्यावरचे बरेच लोक जातात, पाऊस जवळ आला की परततात. पहिल्या गुरुवारी मी वन्संना सांगितलं की आज ती भेटली नाही. दुसऱ्या गुरुवारीही तेच सांगितलं. त्यांनी शेंगांना हातही लावला नाही. तिसऱ्या गुरुवारी निघण्यापूर्वी मी पहाटे उठून नागलीचं पीठ मळलं. ती भाकर मला कधी जमली नाही. कडा फाटतात, मध्ये जाड राहते. घरातलं जुनं फडकं शोधून त्यात ती बांधली, तलासरीला नेली आणि परत आणली.

"लखमीने दिलीय," मी म्हणाले.

वन्संनी फडकं सोडलं. फाटलेल्या कडेवरून एकदा बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं नाही. मग एकेक तुकडा मोडत सगळी खाल्ली.

"तिला म्हणावं, मीठ जरा कमी पडलं," हात पुसत त्या म्हणाल्या. "पण पुढच्या गुरुवारी दे म्हणावं."