तिचा एकच पोपट

लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जावं. मी विसरले नाही आणि विसरायचा विचारही नाही. धाकट्या जावेने माझी डिझाइन्स बळकावली होती, ती मी परत आणली. त्यात तिचा जो पाणउतारा झाला, तो आठवला की मला अजूनही दुपारची झोप छान लागते.

उलव्यात आमच्या घराच्या तळमजल्यावर कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन आहे. ब्लाउजच्या पाठीवर मोर, बाह्यांवर वेल, काठाला कोयऱ्या असलं काम आम्ही दोघी जावा मिळून घ्यायचो. मिळून म्हणजे चित्र मी काढायचे, त्याचे टाके कॉम्प्युटरवर मी बसवायचे आणि गिऱ्हाइकांशी गोड ती बोलायची. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर सीडीवरून टाकलेला एक प्रोग्राम होता. एकदा विकत घेतला की आपला. नेट असो नसो, बटण दाबलं की सुरू.

धाकटीला ते गावठी वाटायचं. "वयनी, आता सगलं ऑनलाइन हाय. कुठूनपन उघडा. कॉम्प्युटर जलला तरी डिझाइन जात नाय," असं ती रोज ऐकवायची. शेवटी तिनेच सगळी डिझाइन्स वेबसाइटवर चढवली आणि "खाली कशाला पसारा" म्हणत माझ्या कॉम्प्युटरवरची पुसून टाकली. खातं उघडताना तिचं सिम बंद पडलं होतं, म्हणून मोबाइल नंबर माझा दिला. पुढची काही वर्षं मी जे काढलं ते सगळं तिथेच, धाकटीच्या कॉम्प्युटरवर काढलं. माझा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात चादरीखाली गेला.

मग दिराने नव्या बिल्डिंगमध्ये गाळा घेतला, तिथे दुसरं मशीन बसवलं आणि आपला कॉम्प्युटर घेऊन धाकटी वेगळी झाली. वेगळं व्हायला माझी ना नव्हती. पण दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर वेबसाइट उघडली तर लाल अक्षरांत 'पासवर्ड चुकीचा आहे'. तिला फोन केला. म्हणाली, "खातं मी उघडलं हुतं ना वयनी? मंग माझंच की."

एवढ्यावर थांबली असती तर कदाचित मी रडून गप्प बसले असते. पण एका बारशात, चार बायकांसमोर, ती म्हणाली, "डिझाइनं पयल्यापासून माझीच. वयनी नुसत्या मशीनवर बसायच्या." उचलली जीभ लावली टाळ्याला! मी त्याच पंगतीत बसले होते. हातातला घास हातात राहिला. मोर माझा, वेल माझी, टाके बसवताना डोळे फोडून घेतले मी, आणि मी नुसती मशीनवर बसणारी? ते जेवण मला गोड लागलं नाही. हिला सोडायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

काय करायचं ते मात्र सुचत नव्हतं. ते तिनेच सुचवलं.

गावातल्या एका मोठ्या घरी हळद होती. घरातल्या सगळ्या बायकांना एकसारखे ब्लाउज हवे होते, पाठीवर माझा मोर. ऑर्डर धाकटीने घेतली आणि त्या जोरावर नवा कॉम्प्युटर आणला. तिच्या आधीच्या कॉम्प्युटरला पासवर्ड पाठ होता. नव्याला नव्हता आणि बाईसाहेबांना स्वतःलाही नव्हता. तिचा फोन आला.

"वयनी, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असंल. जरा सांगा ना. पासवर्ड नवा करायचाय."

आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते. त्या लाल अक्षरांखाली 'पासवर्ड विसरलात?' असं लिहिलेलं मी कितीदा पाहिलं होतं. मी काही विसरले नव्हते, म्हणून त्यावर कधी बोट ठेवलं नव्हतं. पासवर्ड बदलून तिने मला दाराबाहेर काढलं होतं, पण किल्ली माझ्याच पदराला होती.

"नाय आला गो," मी म्हटलं. "टॉवर नसंल. नंतर करते फोन."

चादर ओढून काढली, जुना कॉम्प्युटर पुसला आणि सुरू केला. मीही 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. ओटीपी आला आणि खातं उघडलं. एकेक मोर, एकेक कोयरी मी खाली उतरवून घेतली आणि माझ्या जुन्या प्रोग्राममध्ये उघडून बघितली. आपला हात जगन्नाथ. मग वेबसाइटवरचं सगळं पुसलं, तिथल्या कचऱ्याच्या टोपलीतलंसुद्धा. फक्त एक पोपट ठेवला. शिकत असताना धाकटीने काढलेला, तिचा स्वतःचा असा तेवढाच. डोळा मानेवर सरकलेला, चोच सुजलेली. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची मला सवय नाही.

संध्याकाळी मीच फोन केला. "आता पाठव, टॉवर आला." ओटीपी आला आणि मी एकेक आकडा स्वच्छ वाचून दाखवला.

थोड्याच वेळात ती किंचाळत फोनवर. "वयनी, डिझाइनं कुठं गेली?"

"मला काय म्हाईत गो? ऑनलाइनचं कदी जात नाय म्हनतात ना?"

आता ती येईल म्हणून मी वाट बघितली. 'वयनी, डिझाइनं तुमची' एवढं एक वाक्य ती बोलली असती, तर मोर पेन ड्राइव्हमध्ये घालून तिच्या हातात ठेवला असता. बहुतेक. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ती आली नाही. ब्लाउज तिने हळदीच्या दिवशीच कसेबसे पोचवले, असं कानावर आलं.

हळदीचं बोलावणं मलाही होतं. नवी साडी नेसून गेले. मांडवात धवलारीण लग्नाची गाणी गात होती आणि घरच्या बायका पिवळ्या साड्यांत नवरीभोवती उभ्या होत्या. हळद लावायला त्या वाकल्या आणि पाठी दिसल्या. प्रत्येकीच्या पाठीवर पोपट, डोळा मानेवर, चोच सुजलेली. पाहुण्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसू दाबायचं मला काही कारण नव्हतं.

नवरीची आई तणतणत आमच्याकडे आली. धाकटी माझ्या शेजारीच मान खाली घालून उभी होती. "मोर ठरला हुता ना गो? ह्यो पोपट कोनी काढला?"

मी धाकटीच्या पाठीवर मायेने हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काकी, हा हिचाच. पयल्यापासून हिचाच. मी नुसती मशीनवर बसायची."