कोलंबस डेचं कूपन

नोव्हायमधल्या एका टायरच्या दुकानात तो मेकॅनिक मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहिलंच. साठीचा असेल, पाठीवर लांब पांढरी वेणी. चाकाचा नट काढला की तो फडक्याने पुसून आपल्या उलट्या टोपीत ठेवायचा, पूजेची उपकरणी पुसून ठेवावीत तसा.

कोलंबस डेचा, म्हणजे कोलंबस अमेरिकेला पोहोचला त्या दिवसाच्या सुट्टीचा, सेल होता. जहाजाचं चित्र छापलेलं कूपन हातात धरून मी शेजारी उभा होतो. गप्प उभं राहणं आपल्या लोकांना जमत नाही. "सुट्टीच्या दिवशीही काम?" विचारून झालं, आणि मग सवयीने तो प्रश्न आलाच, "मूळचे कुठले तुम्ही?"

"इथलाच."

"हो, पण त्याआधी? आजोबा, पणजोबा?"

त्याने हातातला नट टोपीत ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. आवाज जराही चढला नाही. "तेही इथलेच. तुमच्या कूपनवरचं जहाज आलं ना, त्याच्याही आधीपासून."

हाच प्रश्न मला कुणी गोऱ्याने विचारला की मी घरी येऊन तासभर चिडचिड करतो. सोळा वर्षं इथे राहतोय, टॅक्स भरतोय, अजून काय सिद्ध करायचं? आणि आज मी या माणसाला त्याच्याच जमिनीवर त्याचं गाव विचारत होतो.

सॉरी म्हणायला हवं होतं. त्याने चारही चाकं बसवली, हात पुसले आणि काउंटरमागे जाऊन म्हणाला, "कूपन द्या."

आणि मी दिलं.