भिंतीवर माझ्या रंगाचं कोणीच नव्हतं

आज सुट्टी टाकून शिरगावहून उल्हासनगरच्या एका स्किन क्लिनिकमध्ये गेले होते. गालावर पिंपल्सचे काळे डाग राहिलेत, तेवढेच लेझरने घालवायचे होते.

समोरच्या भिंतीवर ट्रीटमेंटच्या आधीचे आणि नंतरचे फोटो लावलेले. सगळे चेहरे गोरे. आधीचेसुद्धा माझ्यापेक्षा उजळ!

आत थेरपिस्ट म्हणाली, "मॅडम, ब्राइटनिंगचं पॅकेज घ्या ना, रंग पण खुलेल."

"रंग ठीक आहे माझा, डाग घालवायचेत. आणि काळ्या स्किनवर लेझरने उलट डाग वाढू शकतात म्हणे. माझ्यासारख्या कोणाचा फोटो आहे का?"

तिने मोबाइल बराच वेळ चाळला. "तसा नाहीये, मॅडम."

मग तिने माझा 'आधी'चा फोटो काढला. बघते तर गाल गुळगुळीत, रंग गव्हाळ, डाग गायब! तिच्या मोबाइलचा ब्यूटी मोड चालूच होता.

"अहो, ही मी नाहीये."

"पण छान आलाय ना?" ती अगदी मनापासून म्हणाली. तिच्यावर चिडताही येईना. ट्रीटमेंट न घेताच घरी आले.

घरी बाबा आणि दादा, दोघंही गोरे. "एवढं काय त्यात?" म्हणाले. आई गेल्यापासून या घरात माझ्या रंगाचं कोणी नाही.

इथे ग्रुपवर माझ्या रंगाचं कोणी आहे का? डाग गेले असतील तर एक फोटो टाका, फिल्टर न लावता. गेले नसतील, तरी टाका.