मॉरिशसहून लालबागच्या पंगतीला

बोट मुंबईच्या धक्क्याला लागली आणि महिनाभर घोकलेलं वाक्य मी हमालाला ऐकवलं. चार पिढ्या मॉरिशसच्या उसात राबूनही आमच्या घराने जपलेली मराठी ती! हमाल माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "साब, हिंदी में बोलो." पस्तिशीच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत असं नापास करू नये.

आमच्या गावात पोथी वाचणारे एकच बुवा होते. ते गेले आणि मराठी अक्षर ओळखणारं कुणी उरलं नाही. गावाने ठरवलं, एकाने मुंबईला जाऊन शिकून यावं आणि मुलांना शिकवावं. मीच का? साखर कारखान्यातल्या कारकुनीमुळे मला फ्रेंच लिहिता येई. शिवाय त्या बैठकीला मी उशिरा पोचलो होतो.

गिरगावातल्या एका निवृत्त गुरुजींच्या चाळीतल्या दोन खोल्यांत माझी सोय झाली. वर्षभर शिकवून, मी शिकवायला लायक आहे की नाही, ते गुरुजींनी गावाला पत्राने कळवायचं होतं. पहिल्याच जेवणाला गुरुजींच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, आमटी वाढली. तिच्यात गूळ! मी म्हणालो, "माका मिरची व्हयी" (मला मिरची हवी). काकूंनी पदर तोंडाला लावला.

गुरुजी म्हणाले, "सदाशिवराव, हे असलं बोलणं मुलांना शिकवणार?"

त्या दिवसापासून मी गप्प. मान हलवायची, बोट दाखवायचं. पंधरवड्याने काकूंनी हळूच विचारलं, "मौन किती दिवसांचं हो तुमचं?"

अक्षरं मात्र भिंतींवरही भेटत. दिवस चळवळीचे, जिथे तिथे हातभर उंच अक्षरांत 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. त्यातला 'क्त' मला सुटेपर्यंत ट्राम दोन थांबे पुढे गेलेली असे.

शेवटी काकूंनाच दया आली. "लालबागला मिरच्या कुटून मसाला करून देतात. तुमच्यापुरता घेऊन या."

मसाला घेऊन परतताना एका खोलीतून बांगड्याच्या तिखल्याचा (झणझणीत कालवणाचा) वास आला आणि पाय आपोआप आत वळले. ती अनसूयाबाईंची खानावळ. वीसेक गिरणी कामगार भिंतीला टेकून पंगतीला बसले होते.

"बस रे, जेवान तयार आसा. खंयचो तू?" (कुठला तू?) बाईंनी विचारलं.

"मॉरिशसचो."

"ह्या खंय इला? वेंगुर्ल्याच्या खाली?"

"खूप खाली," मी म्हणालो, आणि मग जो बोलत सुटलो! गोविंद नावाचा विणकर ओरडला, "अरे, ह्यो माझ्या आज्येसारखो बोलता!" सगळे हसले. मीही हसलो.

मग मी रोज जाऊ लागलो. तिथली एक रीत होती. कोकणातून कुणाचं पत्र आलं की ते पंगतीत वाचायचं, आणि वाचून होईपर्यंत घास उचलायचा नाही. सगळे एकाच गावचे. कुणाकडे काय बरंवाईट घडलं असेल, सांगता येत नाही. मी फ्रेंच लिहिणारा म्हणून पत्र माझ्या हाती आलं. मी एकेक अक्षर जुळवत होतो आणि वीस माणसं भातात हात घालून थांबली होती.

"वाच मरे, भात थंड जाता!"

"गाय व्यायली काय मेली, तेवढा तरी सांग!"

गाय व्यायली होती. भुकेल्या पंगतीसारखा मास्तर नाही. चार महिन्यांत मी भात कोमट असतानाच पत्र संपवू लागलो.

गुरुजी मात्र चिडले. "जेवायला लालबाग, बोलायलाही लालबाग. गावाला मी खरं तेच लिहीन हो!" वर्ष सरलं. धक्क्यावर सोडायला आले तेव्हा बंद लिफाफा हातात देऊन ते समुद्राकडेच बघत राहिले. "गावात सगळ्यांसमोर फोडा," एवढंच म्हणाले.

गावी सगळे जमले. आमच्या तात्यांनी, म्हणजे गावच्या वडीलधाऱ्यांनी, लिफाफा फोडला, कागद सुलटा धरला, उलटा धरला आणि माझ्याकडे दिला. दुसरं कोण वाचणार?

"वाचन चांगले. लेखन बरे. बोलणे..." मी थांबलो. पुढे मी काहीही म्हणालो असतो तरी पकडणारं कुणी नव्हतं.

"काय मरे, अडाकलंस?"

"बोलणे मुळीच सुधारले नाही," मी वाचलं. "यांना मुलांपुढे उभे करावे की नाही, हे मला ठरवता येत नाही. गावाने ठरवावे."

तात्यांनी विचारलं, "सगळा वाचलंस?"

"व्हय."

"वायट पण?"

"वायट पण."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "मगे फाल्यां (उद्या) सांजचे पोरांक धाडतंय."

त्याला आता दहा वर्षं झाली. ती पोरं माझ्याहून भराभर वाचतात आणि बोलतात हुबेहूब तात्यांसारखी. गुरुजींना मी दरवर्षी पत्र लिहितो. त्यात वाचनाची प्रगती सविस्तर असते; बोलण्याचा विषय अजून काढलेला नाही.