खुंट तयार, वाण ठरेना

राजुरीला आमची खायच्या द्राक्षांची बाग. शिनोलीजवळचं, डोंगराच्या पायथ्याचं माझ्या माहेरचं रान वाटणीत माझ्याकडे आलं, तेव्हा माझ्या यजमानांच्या डोक्यात वाइनच्या लाल द्राक्षांचं खूळ शिरलं. "जागा थंड आहे," हे म्हणायचे. "रात्री गारवा असला की लाल वाणाला रंग चढतो." हिवाळ्यात आम्ही तिथे जंगली रोपं लावली. पाऊस उघडला की त्या खुंटांवर वाइनच्या वाणाची कलमं भरायची होती. वाण कोणता, ते हे ठरवणार होते.

श्रावणात एका सकाळी यांच्या हातातून दात घासायचा ब्रश पडला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मंचरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता, "हां."

खुंट मात्र वाढत होते. कलमं भरणाऱ्या टोळीच्या मुकादमाचा फोन आला, "वहिनी, काडी कुठली आणायची? उशीर झाला तर कलम धरत न्हाई."

मी यांच्याजवळ बसले. "शिराझचा वाण भरू या का?"

"हां."

मला इतका आनंद झाला की लगेच फोन लावायला उठले. मग मनात शंका आली. "की कॅबरने?"

"हां."

"टेम्प्रानिलो?"

"हां," डोळे माझ्यावर रोखून, घाईघाईने, जणू हेच सांगायचं होतं.

"अहो, की ज्वारीच पेरू?"

"हां." आणि यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण भलतंच बोललो, हे त्यांना कळत होतं. बदलता तेवढं येत नव्हतं.

दीर म्हणाले, "वहिनी, आपली नेहमीची खायची द्राक्षं भरा. ती मला कळत्यात. वाइनचं मला काय बी कळत न्हाई." पण यांनी एवढ्या हौसेने मांडलेलं मोडायला माझं मन होईना.

जुन्नरला नर्सरीवाले चाचा आहेत, हे त्यांच्याकडूनच काड्या घेणार होते. त्यांना सगळं माहीत असेल म्हणून मी गेले.

"भाऊ रोज फोन करायचे," चाचा म्हणाले. "आज शिराझ, उद्या टेम्प्रानिलो. त्यांचं ठरलंच नव्हतं, भाभी."

इतके दिवस मला वाटत होतं की उत्तर यांच्याजवळ आहे, फक्त बाहेर येत नाही. उत्तर नव्हतंच. 

"मग तुम्हीच सांगा, चाचा."

"मी काड्या विकतो. कॅबरने उशिरा पिकते, शिराझ मधली, टेम्प्रानिलो लवकर. पण तुमच्या रानातली थंडी मी कुठं पाहिलीय?"

ती मी पाहिली होती. लहानपणी माघात उन्हं वर आली तरी त्या रानातलं धुकं हलायचं नाही. आमचा हरभरा गावातल्या इतरांच्या नंतर वाळायचा. मग लवकर येणारंच बरं. "टेम्प्रानिलो द्या," मी म्हणाले. नाव उच्चारताना जीभ अडखळली.

पहिलं पीक आलं तेव्हा यांना गाडीने नेऊन बांधाजवळ खुर्चीत बसवलं. मणी रंगायला लागले, तेवढ्यात थंडी वाढली आणि सगळं थांबलं. एकाच घडात काळे, तांबडे, हिरवे मणी. द्राक्षं घेणाऱ्या वाइन कंपनीच्या माणसाने मणी चुरडले, साखर मोजायच्या नळीतून पाहिलं. "अजून थांबा."

थांबलो. आभाळ भरून आलं, भुरभूर लागली, मणी तडकू लागले. रोज सकाळी मी वेलींमधून फिरत होते, पण करण्यासारखं काही नव्हतं. शेवटी होती तशी द्राक्षं तोडली.

"याची लाल वाइन न्हाई व्हायची," तो माणूस म्हणाला. "गुलाबी करू."

"शिराझ असती तर?"

"काय सांगावं, ताई. याच्याहून कच्ची राहिली असती. नाहीतर जमलीही असती." तो टेम्पोत बसला.

तोडणीच्या दिवशीही यांना रानात आणलं होतं. संध्याकाळी परत गाडीत बसवताना त्यांनी डाव्या हाताने माझा दंड घट्ट धरला. ओठ हलले. काहीतरी लांबलचक सांगायचं होतं. मी वाकून खूप वेळ थांबले. आवाजच फुटला नाही. मग हळूच त्यांची बोटं सोडवली, पट्टा लावला आणि दार ओढून घेतलं.