चिमट्याखालच्या अक्षता

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्या फोटोसमोर उभी राहूनसुद्धा नाही. चौथीपर्यंत शिकले, लिहायची सवय नाही — पण तोंडाने सांगायला गेले की शब्द फुटत नाही. म्हणून तुम्हाला लिहून सांगते.

मी ऑकलंडला, हिल्सबरोत मुलाकडे राहते. मिलिंद इंजिनिअर, सून अनघा तीही इंजिनिअर. इथे आल्यावर मिलिंदला बर्फाचं वेड लागलं. स्की बांधून डोंगर चढायचा आणि वरून सुसाट खाली यायचं. पिंपरीचा मुलगा — बर्फ पाहिला होता तो रसवंतीत!

दोन हजार पाच साली त्याला नवीन बाइंडिंग घ्यायचे होते. बाइंडिंग म्हणजे स्कीवर बूट धरून ठेवतं ते. मलाही दुकानात नेलं. एक जोडी जड, दणकट. जोरात उतरायला ती चांगली, पण चढताना ते वजन पावलोपावली उचलायचं. दुसरी हलकी. पुढे नुसते दोन खिळे, चिमट्यासारखे मिटून बुटाला धरतात. मिलिंद जड जोडी सोडेना.

"अरे, चार तास चढणार आणि वीस मिनिटं उतरणार," अनघा म्हणाली. "आधी कंबर बघ स्वतःची."

"आई, सांग ना हिला."

"मला काय विचारता? मला दोन्ही उंदराचे सापळे दिसतात."

दोघं हसली. हलकी जोडी घेतली.

दुकानातल्या माणसाने एक बजावलं, ते अनघाने मला मराठीत सांगितलं. चिमट्याखाली बर्फ, खडा, काहीही अडकलं तर तो पुरता मिटत नाही, आणि भर वेगात बूट सुटतो. हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

दसरा आला. आमचे हे कारखान्यात फिटर होते, दसऱ्याला घरात पाने, पकडी, हातोडी मांडून पूजा व्हायची. इथे कशाची करणार? मिलिंद दुसऱ्या दिवशी रुआपेहूच्या डोंगरावर निघणार होता. गॅरेजमध्ये स्की ठेवलेल्या. मी हळदकुंकू वाहिलं, ओल्या अक्षता वाहिल्या — जरा जास्तच. तीन-चार दाणे उजव्या स्कीच्या चिमट्याखाली गेले. मला दिसले. वाकून काढायला गेले, नख पोचेना.

तेवढ्यात दारातून अनघा म्हणाली, "आई, आता नारळ पण फोडणार का त्याच्यावर?"

थट्टाच होती. तिचं बोलणं तसंच असतं. पण मला राग आला. 'ते दाणे काढ गं जरा' — एवढं म्हणायचं होतं. पण तिच्यासमोर कसं म्हणू, की मीच घाण करून ठेवली? उठले आणि आत गेले. चार दाण्यांनी काय होतंय असं वाटलं, असं लिहिणार होते — पण ते खोटं. दुकानातला माणूस मला आठवला होता. आठवला, तरी मी पुऱ्या तळत बसले.

सकाळी मिलिंदने वरवर फडकं मारलं आणि निघाला.

उतरताना उजवा बूट सुटला. मिलिंद खडकावर आदळला. खुबा, गुडघा. दोन ऑपरेशनं झाली, पाय दोन बोटं आखूड राहिला. हॉस्पिटलात पडल्या पडल्या तो अनघाला म्हणाला, "तुझे हलके बाइंडिंग. मी जड घेत होतो." ती माझ्याकडे बघायला लागली. मी संत्रं सोलत होते. सोलतच राहिले.

त्याच्या मित्रांनी स्की घरी आणून दिल्या. घरात मी एकटीच होते. चिमट्याखाली बघितलं. चेंगरलेले, लालसर, लापशीसारखे चिकटलेले. केसातला आकडा काढून खरवडले, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले. आकडा धुऊन परत केसात खोचला.

तेवढ्यानेच तो बूट सुटला का? ते कोण सांगणार? सांगता आलं असतं ते मी खरवडून टाकलं.

पुढे पुण्याहून अनघाच्या आईचा फोन आला. "तू कशाला गं हट्ट केलास?" पलीकडचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. अनघा नुसतं हं, हं करत होती. मी कोथिंबीर निवडत होते. मिलिंद भांडत नाही. जिना चढताना कठडा धरतो, आणि ती मान फिरवते.

चार वर्षं झाली. ती मला डॉक्टरकडे नेते, माझी पायाची नखं कापते. पण हॉस्पिटलातल्या त्या दिवसापासून अनघा काहीही निवडत नाही. पडदे कुठले, गाडी कुठली, भाजी कुठली — "तुम्हीच सांगा." एवढी शिकलेली, चुरचुरीत बोलणारी मुलगी.

परवा दसरा झाला. ताट हातात घेऊन ती गॅरेजच्या दारात थांबली.

"आई, त्या स्कीलाही फूल वाहायचं का? तुम्हीच सांगा."

मी नको म्हटलं. तिने का म्हणून विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.