आईचं तूप विमानतळावर कचऱ्यात गेलं

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

दिल्लीत ताई बाळंत झाली. तिच्यासाठी आईनं दोन महिने लोणी साठवून किलोभर तूप कढवलं. आज उमरग्याहून पहाटेच निघून आम्ही मायलेकांनी विमानतळ गाठलं.

सामान जमा करताना काउंटरवरच्या माणसाला मी स्वतः विचारलं, "तूप बॅगेत ठेवू का?"

"काचेची बरणी फुटेल, हातात न्या," तो म्हणाला.

पुढं तपासणीत जवानानं तीच बरणी बाजूला काढली. हातातल्या पिशवीत एवढं तूप चालत न्हाय म्हणे. मोठी बॅग कधीच आत गेलेली, परत फिरायला वेळ न्हाय. मी वाद घालायला लागलो, तशी आई घाबरली. त्या जवानापुढं हात जोडून म्हणाली, "चुकलं साहेब, आमाला म्हाईत नव्हतं." आणि स्वतःच बरणी कचऱ्याच्या डब्यात ठेवली.

नियम मला मान्य हाय. पण काउंटरवर पगार घेऊन बसलेल्यालाच तो ठाऊक नसावा?

दिल्लीत ताईनं तुपाचं विचारलं, तर आई म्हणाली, "घाईत घरीच राहिलं गं."

त्या माणसाच्या चुकीपायी माझ्या आईनं खोटं का बोलावं, सांगा.